मेजर, डबा वाजवतो हो!

आपल्याकडे फौजेतून सुटून आलेल्या प्रत्येकाला ‘मेजर’ म्हणतात, मग तो शिपाई असो की हवालदार. कापूरहोळच्या शिवारातले आमचे मेजर हवालदार होऊन परतले. १९९९ च्या कारगिल लढाईत ते होते. त्यांच्या संमतीने लिहीत आहे. नाव मात्र देत नाही.

मी तेव्हा या भागात विस्तार अधिकारी (कृषी) होतो. रानडुकरांनी भुईमुगात उच्छाद मांडला होता. एका संध्याकाळी शेतकऱ्यांना बांधावर जमवून मी राखणीचे उपाय सांगत होतो. सुतळी बॉम्ब लावून दाखव, असे मीच एकाला म्हटले. आवाज झाला आणि मेजर शेजारच्या पोराला अंगाखाली घेऊन चिखलात आडवे झाले. मंडळी हसली. हसणाऱ्यांत मीही होतो, हे सांगताना आजही मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला तो मुकाट्यानेच. मग म्हणाल्या, “भाऊसाहेब, रात्री दोनतीनदा उठून घराभोवती फेऱ्या घालतात. हायवेला ट्रकचा टायर फुटला तरी दचकतात. पोरांवर ओरडतात, मग स्वतःच रडत बसतात. लोक म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे.” मी शहाणपणाने सांगितले, “कामात गुंतवा, विसरतील.” भाताला युरिया सांगावा तितक्या सहज! मेजर हाडे मोडेपर्यंत राबले, पण झोप काही आली नाही. त्या दिवाळीत तीन दिवस घर सोडून डोंगरात राहिले.

शेवटी पलटणीतला एक जोडीदार आला आणि त्यांना पुण्याला लष्कराच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी वहिनींना समजावले ते असे: हे वेड नव्हे, भित्रेपणाही नव्हे. आवाजासरशी आडवे झाले तरच जीव वाचतो, हे शरीर आघाडीवर शिकले. गावी आल्यावरही ते विसरायला तयार नाही. पहिल्या महायुद्धात याला ‘शेल शॉक’ म्हणत. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडी हे नाव आपल्या ग्रंथात घातले. १९१५-१६ साली मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्यातून जे घरी परतले, त्यांच्या झोपेची विचारपूस कोणी केली असेल?

गोळ्या आणि डॉक्टरांशी बोलणे, असे उपचार दीडदोन वर्षे चालले. मध्येच बरे वाटले म्हणून मेजरांनी गोळ्या सोडल्या आणि पुन्हा पहिल्यासारखे झाले. वहिनी मात्र बारकावे शिकल्या. झोपेतून उठवताना अंगाला हात लावायचा नाही, पायथ्याशी उभे राहून हाक मारायची. लग्नात फटाके असतील तर आधी सांगायचे. पाहुण्यांनी लढाईच्या गोष्टींचा आग्रह धरला की त्या खुशाल विषय भुईमुगावर नेत.

शेती हे औषध नव्हे, हे मी उशिरा शिकलो. पण उपचार लागू पडू लागल्यावर तिने हात दिला. चारसूत्री भातलागवडीसाठी मी १५ आणि २५ सेंटिमीटरच्या खुणांची दोरी घेऊन गेलो. मेजरांनी ती ताब्यातच घेतली. “भाऊसाहेब, दोरी ढिली आहे,” म्हणून मला दटावले. चार चुडांच्या चौकोनात एक ब्रिकेट, एकही चुकली नाही. त्या रात्री ते सलग पाच तास झोपले, असे वहिनींनी मुद्दाम निरोप देऊन कळवले.

तुमच्या वाडीत असे कोणी असतील तर देवऋषी आणि बाटली यांच्या आधी डॉक्टर गाठा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. आमच्या मेजरांच्या वेळी हे नव्हते.

दिवाळीत ते अजूनही थोडे गप्पच असतात. रानडुकरेही अजून येतात. पण त्या शिवारात आता कोणी सुतळी बॉम्ब लावत नाही, पत्र्याचा डबा वाजवतात. तोही आधी हाक घालून: “मेजर, डबा वाजवतो हो!” आणि पलीकडच्या बांधावरून उत्तर येते, “वाजवा!”