फाउंडेशनचे बोल्ट

३ डिसेंबर २०२५, अंबड

जालन्याकडे निघालं की पहिल्याच गतिरोधकाला गियरचा दांडा हाताला हिसका देतो. क्लच सोडताना बॉनेटखाली ठक्क. संध्याकाळी मुलाला स्टिअरिंगवर बसवलं आणि मी बाजूला उभा राहिलो. ब्रेक दाबून धर, पहिला टाक, क्लच किंचित सोड. इंजिन एका अंगाने चांगलं उचललं गेलं. रिव्हर्स टाकला तर दुसरीकडे कललं. शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, इंजिन नाचायलंय की!"

मारुती ८००, २००४ चं मॉडेल. तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन मुळातच टोकाटोकाला हिंदकळतं. ते हिंदकळणं फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन बॉडीला धरून ठेवणाऱ्या माउंटिंगच्या रबराने पोटात घ्यायचं असतं.

५ डिसेंबर, जालना

अंबड चौफुलीजवळ एका मिस्तरीने वरूनच पाना लावला. दोन बोल्ट अर्धा अर्धा वेढा फिरले. "झालं सर, टाइट केले." हे काही काम नव्हे. बोल्ट ढिला का झाला ते कुणी बघायचं?

युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ सालीच दाखवून दिलंय, की बोल्टला आडवे हिसके बसत राहिले आणि जोड जरा जरा सरकत राहिला, की बोल्ट आपोआप उलटा फिरतो. स्प्रिंग वायसर त्याला फारसा अडवत नाही. आपल्याकडे मात्र प्रत्येक दुखण्यावर स्प्रिंग वायसर!

७ डिसेंबर, रविवार

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. ऑइल चेंबरखाली जॅक आणि मध्ये लाकडी ठोकळा, नाहीतर चेंबर चेपतो. इंजिनाचा भार ठोकळ्यावर आल्यावर बोल्ट बोटांनी निघाले. रबर लोखंडापासून सुटलेलं, बोटाने दाबलं तर लिबलिबीत. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल ठिबकत होतं, ते थेट त्याच्यावर. एका बोल्टचा दांडा एकाच बाजूने घासून आरशासारखा झालेला, आटे चेपलेले. डोक्यावर आकडा नाही. कुणीतरी मागे मिळेल तो बोल्ट ठोकलेला दिसतो.

८ डिसेंबर

जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या, आणि डोक्यावर ८.८ कोरलेल्या बोल्टसाठी दुकानं पालथी घालावी लागली. पहिला ८ म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटणार, दुसरा म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर कायमचा ताणला जाणार. बिनआकड्याच्या बोल्टला असा काही शब्द नसतो.

९ डिसेंबर

आधी टॅपेट पॅकिंग बदललं, मग नवं फाउंडेशन. बॉडीच्या आट्यांत टॅप फिरवून माती काढली. सगळे बोल्ट हाताने बसवले; एकही पुरता आवळला नाही. जॅक थोडा उतरवला, इंजिन हलवून जागेवर बसू दिलं, मग टॉर्क रेंचने आवळले. शेवटी, बोल्ट फिरला तर कळावं म्हणून, त्याच्या डोक्यापासून पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढली.

१४ डिसेंबर

जालन्याला जाऊन आलो. रेघा जुळलेल्या, गियरचा दांडा शांत. १९८३ साली आजच्याच तारखेला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली, आणि २०१४ च्या जानेवारीत ती बनायची थांबली. फाउंडेशन मात्र अजून सहज मिळतं. तेव्हा मिस्तरी नुसता पाना घेऊन आला, तर त्याला आधी रबर दाखवायला सांगा.