अम्मींचा उजवा खांदा

अम्मींनी शिलाई मशीनवर आम्हा तिघा भावंडांना शिकवलं. शाळेचे गणवेश, बुरखे, ईदचे कपडे. रमजानच्या शेवटच्या दिवसांत तर सहेरीपर्यंत मशीन चालू असायचं. माझ्या बी.एड.ची फी त्याच मशीनमधून आली. आज मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, ते अम्मींच्या त्या हातांमुळे. म्हणूनच ही हकीकत लिहिताना मला लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी वुजू करून उठताना ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला आणि सगळा भार उजव्या हातावर आला. एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. आम्ही अल्लाहचे आभार मानले. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, ‘तीन आठवड्यांत हात वर जायला लागला नाही तर परत घेऊन या.’ तो कागद माझ्या पर्समध्येच राहिला. आधी दहावीची परीक्षा, मग पेपर तपासणी, मग भाचीचं लग्न. अम्मी म्हणायच्या, ‘वयाचं दुखणं आहे बेटा, तेल लावते, बरं होईल.’ मला तेच ऐकायचं होतं.

डाव्या हातानं उजवा हात उचलून त्या डोक्यावर दुपट्टा घेत, तेही मी पाहत होते. तकबीरला हात खांद्यापर्यंत जात नव्हते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. एके दिवशी फळीवरून कापडाचा गठ्ठा काढताना तो हातातून सुटला आणि त्या खाली बसून रडल्या. तेव्हा कुठे मी रजा टाकली.

या वेळी एम.आर.आय. सांगितला. अम्मींना त्या बोगद्यासारख्या मशीनची भीती वाटत होती. शरीरात पेसमेकर नाही ना, हे विचारून घेतलं. अंगावरचे दागिने, दुपट्ट्याच्या पिनासुद्धा काढायला लावल्या. आत ठक-ठक आवाज होत राहिला, अम्मी आयतुल कुर्सी पढत पडून राहिल्या.

नंतर डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. मला ती शिकवणीच वाटली. खांद्याच्या सांध्याभोवती चार स्नायू असतात आणि त्यांच्या टोकाचे चिवट पट्टे हाडाला चिकटलेले असतात. अम्मींचा वरचा पट्टा तुटून मागे सरकला होता. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, पट्टा दिसत नाही. म्हणून तेव्हा काही कळलं नव्हतं.

‘पण मॅडम, फाटलंय किती एवढंच मी बघत नाही,’ ते म्हणाले. ‘मागचा स्नायू जिवंत किती आहे, ते बघतो.’ पट्टा तुटला की स्नायूवरचा ताण जातो. बिनकामाचा स्नायू हळूहळू रोडावतो आणि त्याच्या धाग्यांमध्ये चरबी भरते. फिल्मवर निरोगी स्नायू करडा दिसतो, चरबी पांढरी. खांद्याच्या पाठीमागचं हाड एका उभ्या छेदात इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखं दिसतं. त्याच्या दोन शिंगांच्या टोकांवरून रेघ मारली तर चांगला स्नायू रेघेच्या वर फुगलेला असतो. अम्मींचा रेघेच्या बराच खाली बसला होता.

या चरबीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. गुतालिए नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये सी.टी. स्कॅनवरून त्या मांडल्या, पुढे एम.आर.आय.लाही त्या लावल्या गेल्या. चरबी नाही तर शून्य. चरबीच्या काही रेषा दिसल्या तर एक. चरबी आहे पण स्नायू जास्त, तर दोन. दोन्ही सारखे तर तीन. स्नायूपेक्षा चरबी जास्त तर चार.

अम्मींनी विचारलं, ‘मला किती मिळाले?’

‘तीन, मावशी.’

‘चारपैकी तीन? मग पास झाले की!’

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. या परीक्षेत मार्क वाढले की माणूस नापास होतो, हे मला तोवर समजलं होतं.

तुटलेला पट्टा शिवता येतो, पण आखडलेला, चरबी भरलेला स्नायू हाडापर्यंत ओढून आणणं कठीण. शिवला तरी टाके पुन्हा सुटण्याची भीती जास्त, आणि टिकला तरी ताकद फारशी परत येत नाही. भरलेली चरबी शस्त्रक्रियेनं सहसा मागे हटत नाही. अम्मींना हे लगेच पटलं. ‘विरलेल्या कापडावर टाका घातला की कापडच फाटतं,’ त्या म्हणाल्या.

‘आधी आणलं असतं तर?’ मी विचारलं. डॉक्टरांनी खोटा दिलासा दिला नाही. पडल्यानंतर लवकर कळलं असतं तर शिवण्याचा विचार करता आला असता, एवढंच म्हणाले.

प्रत्येक फाटलेला पट्टा शिवावाच लागतो असं नाही. साठीनंतर पुष्कळांच्या खांद्यात अशी फाट असते आणि त्यांना पत्ताही नसतो. खांदा आखडण्याचा आजार वेगळा, तो मधुमेहींना जास्त होतो. त्यात दुसऱ्यानं उचलूनही हात वर जात नाही. पण पडल्यावर एक्स-रे चांगला आला आणि तरीही स्वतःहून हात वर जात नसेल, तर तेलावर भरवसा ठेवून बसू नका. रिपोर्ट आला की एक प्रश्न नक्की विचारा: स्नायूची हालत कशी आहे?

अम्मी आता रोज व्यायाम करतात. खांद्यावरचा मोठा स्नायू बळकट करून बाकीचं काम त्याच्याकडून करून घ्यायचं, असं फिजिओथेरपिस्टनं समजावलंय. दुखणं कमी झालंय, हात छातीच्या थोडा वर जातो. कापड त्या कापतात, फळीवरचा गठ्ठा मी काढून देते. मी माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, ‘बेटा, तू कामात होतीस.’

त्यांनी माफ केलं. तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे.