बटाट्याचाही रंग गुलाबीच

बीएस्सीला रसायनशास्त्र घेतलेल्या मुलांचा फिनॉल्फ्थेलिनवर भारी विश्वास. ब्युरेटमधून कॉस्टिक सोड्याचा थेंब पडला, फ्लास्कमध्ये फिका गुलाबी रंग टिकला, की एंड पॉइंट आला. रीडिंग घ्यायचं, जर्नलात उतरवायचं. एमएस्सी फॉरेन्सिकच्या वर्गात मी हेच फिनॉल्फ्थेलिन अल्कलीत जस्ताच्या भुकटीबरोबर उकळून बिनरंगी करतो आणि त्यांच्या हातात देतो.

ही कास्ल-मायर चाचणी. डागावर कापसाचा बोळा घासायचा, त्यावर अल्कोहोलचा थेंब, मग हे द्रावण, आणि थांबायचं. रंग आला नाही तरच हायड्रोजन पेरॉक्साइड. रक्त असेल तर काही सेकंदांत गुलाबी. पेरॉक्साइडच्या आधीच रंग उमटला, तर डागात ब्लीचसारखं काहीतरी आहे. बऱ्याच वेळाने उमटला, तर ती हवेची करामत. सगळी गोम त्या थांबण्यात आहे, आणि टायट्रेशनवर वाढलेल्या मुलांना नेमकं तेच जमत नाही.

मी प्रत्येकाला दोन बोळे देतो. एकावर चिकनच्या दुकानातून आणलेलं रक्त, दुसऱ्यावर कच्च्या बटाट्याचा रस. दोन्ही गुलाबी होतात. वर्गात कुजबुज. बटाट्यात पेरॉक्सिडेज असतं, ते रक्तातल्या हीमचंच काम करतं. बोळा उकळत्या पाण्याच्या वाफेवर नीट तापवून पुन्हा चाचणी केली, तर बटाटा गप्प बसतो. हीम उष्णतेला दाद देत नाही. तरीही ते कोंबडीचं की माणसाचं, हे कास्ल-मायर सांगूच शकत नाही.

पोलिस ज्याला ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, तो रासायनिक विश्लेषकाचा अहवाल लिहायला शिकवणं मला चाचणीपेक्षा अवघड वाटतं. पूर्वी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 293 नुसार आणि 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेच्या कलम 329 नुसार, सरकारी तज्ज्ञ कोर्टात न येताही त्याचा अहवाल पुराव्यात वाचता येतो. म्हणजे लिहिणारा तिथे नसेल, तर खुलासा करायलाही कोणी नाही. म्हणून ‘हा डाग रक्ताचा आहे’ असं लिहिणाऱ्याचे मी गुण कापतो. ‘रक्त असण्याची शक्यता, खात्रीसाठी पुढील चाचणी आवश्यक’ एवढंच हवं.

दरवर्षी कोणीतरी पेपर घेऊन केबिनमध्ये येतंच. “सर, पण होतं ना ते रक्तच!”

होतंच. मीच आणलं होतं. पण तुला ते बोळ्याने सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं.