लेणे आणि लेणें

अहिल्यानगरच्या आमच्या महाविद्यालयात मराठी विभागाने मोल्सवर्थच्या कोशातील (दुसरी आवृत्ती, १८५७) शीर्षशब्दांची एक छोटी शोधसूची सर्व्हरवर ठेवली आहे. विद्यार्थ्याने शब्द लिहायचा, एपीआयने तो मागच्या शोधयंत्रणेकडे न्यायचा आणि अर्थ घेऊन परतायचे, एवढाच व्यवहार. एरवी तिकडे कोणी फारसे फिरकत नाही. गेल्या सत्रपरीक्षेच्या तोंडावर मात्र रोज रात्री नऊनंतर असा लोंढा येऊ लागला की यंत्रणा मान टाकी. बहुतेक विनंत्या एकाच आयपी पत्त्यावरून. संगणक विभागातले सहकारी म्हणाले, "सर, हा बॉट दिसतो. पत्ता बंद करू." मी होकार दिला, फक्त एक रात्र मागून घेतली.

त्या रात्री नोंदी वाचल्या, पोथी वाचावी तशा. 'ल', 'ले', 'लेण', 'लेणे'. प्रत्येक कळीसरशी सूचना दाखवायच्या म्हणून आमचेच पान दरवेळी नवी विनंती धाडत होते. आणि 'ल' म्हटल्यावर यंत्रणेला 'ल'चे सगळे शब्द उपसावे लागत. 'ज्ञानेश्वरी' आपल्या लेखी चार अक्षरे, युनिकोडच्या लेखी ११ चिन्हे! पुढे 'लेणे'ला उत्तर शून्य. पुन्हा 'लेणे'. मग 'लेणं'. मोल्सवर्थकडे शब्द आहे 'लेणें'. १९६२च्या लेखननियमांनी गेलेला तो अनुस्वार या मुलांच्या पाहण्यातच नाही. असे चाचपडणे मला बॉटचे वाटेना.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले. अकोले, जामखेडकडची बरीच मुले एकाच वसतिगृहात राहतात. सगळ्यांचे मोबाइल एकाच वाय-फायवर, म्हणून बाहेरून पत्ता एकच. परीक्षा दोन दिवसांवर होती. त्यांना कोश बंद करण्याचा हुकूम मी जवळजवळ देऊन बसलो होतो.

आता टंकन क्षणभर थांबल्यावरच विनंती जाते, आणि शब्दान्तीचा अनुस्वार शोधताना धरला जात नाही. रात्रीचा लोंढा बराच ओसरला आहे. मधल्या अनुस्वाराचे मात्र जमलेले नाही. तो सरसकट गाळावा तर 'वंश' आणि 'वश' एक होतात. म्हणून तो ठेवला. आणि मोल्सवर्थचे 'नांव' ठाऊक नसलेल्या मुलाने 'नाव' शोधले, की त्याच्या हाती अजून होडीच लागते.