कोबा सुकला का?

साईटवर कोबा सुकला की नाही हे तळहाताने ठरतं. मिस्त्री उकिडवा बसतो, हात टेकवतो, "सुकलाय साहेब" म्हणतो आणि पुढचं काम सुरू होतं. वर फरशी बसवायची असेल तर एवढ्यावर निभावून जातं. लाकूड टाकायचं असेल तर नाही. ठाणे-मुंबईत लाकडी फ्लोअरिंगची कामं करताना लोकांचे मुहूर्त आणि माझं मीटर यांच्यात जुंपलेली मी अनेकदा पाहिली आहे. त्यातलं एक काम सांगण्यासारखं आहे.

ठाण्यातला तळमजल्यावरचा फ्लॅट, इमारत नवी. जमीन म्हणजे जोत्यातल्या भरावावर थेट ओतलेलं 100 मिमी जाडीचं काँक्रीट. काका बँकेतून निवृत्त झालेले. संगमेश्वरकडचं वडिलोपार्जित घर उतरवलं तेव्हा निघालेल्या सागवानी तुळया त्यांनी विकल्या नाहीत. ठाण्याला आणून गिरणीवर कापून घेतल्या. त्या फळ्या हॉलमध्ये, पॅसेजमध्ये आणि झोपायच्या खोलीत टाकायच्या, आणि दसऱ्याला वास्तुशांत करायची असा बेत होता. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा श्रावण लागला होता आणि काँक्रीट मे अखेरीस ओतलेलं होतं.

"हात लावून बघा ना," काकू म्हणाल्या. "खडखडीत आहे."

वरून होतंच. पण भाकरीला वरून डाग पडले म्हणून ती आत भाजली असं होत नाही. सिमेंटला घट्ट व्हायला त्याच्या वजनाच्या साधारण पाव हिश्शाएवढं पाणी पुरतं. त्याहून जास्त पाणी माल नीट पसरावा म्हणून घातलेलं असतं, वर पाणी मारलेलं वेगळं. हे उरलेलं पाणी वाफ होऊनच जायला हवं, आणि खाली भराव असल्यामुळे त्याला वरची एकच वाट असते. हवा कोरडी असेल तर इंचाला महिना, असा ढोबळ हिशेब. म्हणजे चार इंचांना चार महिने. श्रावणातल्या ठाण्यात हवेतच इतकं पाणी असतं की ही गाडी जवळपास थांबते. काकांनी सुकावं म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवल्या होत्या. त्यातून ओलच आत येत होती. मी खिडक्या लावून घ्यायला सांगितलं आणि हवेतली ओल शोषणारं डीह्युमिडिफायर भाड्याने आणवलं.

पहिली चाचणी बिनखर्चाची असते. दीड फूट चौरस जाड प्लास्टिकचा कागद जमिनीवर ठेवायचा, चारही कडा टेपने बंद करायच्या आणि रात्रभर, निदान 16 तास, तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी हॉलमधल्या कागदाच्या आतल्या बाजूला धुकं धरलं होतं. पॅसेजमधल्या कागदाखाली थेंब लटकत होते आणि काँक्रीटवर काळपट चौकोन उमटला होता.

"पावसाळ्यात फरशीला घाम येतोच की," काकू म्हणाल्या. येतो, पण तो हवेतला. गार फरशीवर दमट हवा टेकली की पाणी सुटतं. तसं असतं तर थेंब कागदाच्या वरच्या अंगाला आले असते. इथे वरचं अंग कोरडं होतं. पाणी खालून येत होतं.

कागद ओल आहे एवढंच सांगतो, किती आहे ते नाही. त्यासाठी भोकं पाडावी लागतात, आणि नव्या कोऱ्या जमिनीला ड्रिल लावलेलं कोणालाच रुचत नाही. अमेरिकेच्या एएसटीएम एफ 2170 या मानकाप्रमाणे एकाच बाजूने सुकणाऱ्या काँक्रीटमध्ये जाडीच्या 40 टक्के खोलीवर मोजायचं असतं. इथे 40 मिमी. पाणी न वापरता भोक पाडायचं, आतला भुगा ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढायचा, प्लास्टिकची नळी बसवायची, तोंड बंद करायचं आणि 24 तासांनी आतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता वाचायची. एवढ्या खोलवर जायचं कारण असं की, जमीन उघडी असताना वर कोरडं आणि खाली ओलं असा उतार असतो. लाकूड टाकून ती झाकली की आतली ओल सगळीकडे सारखी पसरायला लागते. लाकडाला पुढे जे सोसायचं आहे, त्याचा अंदाज या खोलीवर मिळतो.

हॉलमध्ये 88 टक्के निघाले, खोलीत 89, पॅसेजमध्ये 93. ब्रिटिश मानकात लाकडासाठी 75 ही हद्द आहे आणि मी तीच पाळतो.

काकांना आकड्यांचं वावडं नव्हतं, पण त्यांचा एक मुद्दा होता. "माझ्या आजोबांच्या घराचं लाकूड आहे. शंभर वर्षं वाळलंय. त्याला आता काय होणार?" लाकूड कितीही जुनं असलं तरी हवेतली ओल घेणं आणि सोडणं त्याला सुटत नाही. कोकणातल्या त्या तुळया दर पावसाळ्यात फुगत होत्या आणि उन्हाळ्यात आकसत होत्या. मोकळ्या होत्या, म्हणून कुणाला कळलं नाही. सागवान तसं शहाणं लाकूड. 100 मिमी रुंदीच्या फळीतला ओलावा 5 टक्क्यांनी वाढला तर ती जेमतेम 1 मिमी रुंदावते. पण हॉलच्या चार मीटर रुंदीत अशा 40 फळ्या बसतात. म्हणजे हिशेबाने जवळजवळ 4 सेंमी, आणि भिंतीकडेला आपण सोडतो 10-12 मिमी. मग फळ्या एकमेकींना रेटतात आणि मधेच जमीन उचलली जाते. ओल फक्त खालून आली तर प्रत्येक फळीच्या कडा वर येतात आणि मध्ये पन्हाळ पडते. काकांनी वहीत 40 गुणिले 1 मांडलं आणि वही मिटली.

पुढच्या रीडिंगांमध्ये हॉल आणि खोली सावकाश का होईना, उतरत होत्या. पॅसेज मात्र 93 वर ठाण मांडून बसला. एकदा तर 94 झाला. एकाच दिवशी ओतलेलं काँक्रीट, तोच माल, तीच हवा. दोन जागा सुकतात आणि तिसरी सुकत नाही, याचा अर्थ तिसरीला कुठून तरी पाणी मिळतंय. पॅसेजच्या भिंतीपलीकडे बाथरूम होती.

आर्किटेक्टने दोन हात इपॉक्सी मारून ओल दाबायचं सुचवलं. काँक्रीटमधली उरलीसुरली ओल इपॉक्सी अडवतं, पण चालू गळतीवर ते मारणं मला पटेना. आधी प्लंबरने पाइपलाइनला हातपंप लावून दाब दिला. काटा जागचा हलला नाही. मग नहाणी ट्रॅपला बूच मारून बाथरूममध्ये पाणी भरलं आणि टाइलवर पेन्सिलीने खूण केली. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या खाली गेलं होतं. ट्रॅपच्या भोवतालचा सांधा नीट भरलेलाच नव्हता. बिल्डरने दोन-चार फोननंतर माणसं पाठवली, ट्रॅपभोवती फोडलं आणि वॉटरप्रूफिंग पुन्हा केलं.

दसऱ्याला वास्तुशांत झाली ती उघड्या काँक्रीटवर, सतरंज्या अंथरून. गुरुजींनी विटा मांडून होम केला. "नाहीतरी होमकुंड लाकडावर कोण ठेवू देणार होतं?" काकूच म्हणाल्या.

संक्रांतीनंतर हॉल आणि खोली 74 वर आल्या. पॅसेज 78 वर होता, म्हणून तिथे टाइल बसवून टाकली. फळ्या आधीच घरात आणून, मध्ये पट्ट्या घालून रचल्या होत्या. जमिनीवर 250 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, त्यावर प्लाय टाकला. पिनचं मीटर प्लायला लावलं तर 10 टक्के, फळ्यांना लावलं तर 11. रुंद फळ्यांसाठी या दोघांत 2 टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही. तेव्हा कुठे सुतारांनी पहिली फळी ठोकली.

त्या कामानंतर मी कोटेशनमध्ये काम सुरू करण्याची तारीख लिहिणं बंद केलं. तिथे आता "सगळी रीडिंग 75 च्या आत आल्यावर" असं लिहिलेलं असतं, आणि भोकं कुठे पाडायची त्याचा छोटा नकाशा जोडलेला असतो. ते वाचून काही गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात. जाऊ देत. फळ्या उचकटून पुन्हा बसवायच्या कामाला त्यांतलीच काही परत येतात, आणि तेव्हाही मी आधी भोकंच पाडतो.