संतापाच्या मुळाशी

घरातील वृद्धाची शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःच्या संतापाविषयी बोलू नये, असा एक अलिखित संकेत आहे. आज तो मी मोडणार आहे.

माझ्या आईचे वय ८६. अलीकडे तिची स्मृती साथ देत नाही. तिन्हीसांजेला ती पुनःपुन्हा विचारते, ‘‘देवापाशी दिवा लावलास का गं?’’ एके दिवशी सहाव्या वेळी मी तिच्यावर ओरडले. ती गप्प झाली आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांतील साधनपादात पाच क्लेश सांगितले आहेत : अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. तेथे ‘राग’ म्हणजे संताप नव्हे, आसक्ती. ही नावे मला पाठ होती. स्वतःला लावून पाहिली ती त्या रात्री प्रथमच. वरवर दिसत होता तो द्वेष, नकोसा प्रश्न दूर लोटणारा. त्याखाली अस्मिता : ‘मी इतके करते, हिला त्याची जाणीवही नाही.’ त्याखाली आसक्ती, महिन्याचा हिशेब तोंडी करणाऱ्या पूर्वीच्या आईविषयीची. आणि तळाशी भय : ती दुरावते आहे, उद्या माझीही हीच गत होईल. हाच अभिनिवेश, जीविताला चिकटून राहणे. तो विद्वानांनाही सुटत नाही, असे पतंजली सांगतात. या साऱ्यांची भूमी अविद्या, म्हणजे अनित्याला नित्य मानणे. आई कधी बदलणारच नाही, असे मी धरून चालले होते.

मूळ दिसले म्हणून क्लेश लगेच नाहीसा होत नाही. दिवसभर गिळलेला संताप संध्याकाळी उफाळतोच. म्हणून आता उत्तर देण्यापूर्वी मी एक दीर्घ श्वास सावकाश सोडते आणि स्वतःला विचारते, ‘हा संताप आहे की भय?’ भय आहे असे कळले, की आवाज आपोआप खाली येतो.

आपणही हे करून पाहावे. मात्र झोप उडाली, उदासी आठवडेच्या आठवडे टिकली किंवा हात उगारला जाईल असे वाटू लागले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, काही भार घरातील इतरांवर सोपवावा. त्यात कमीपणा नाही.

काल आईने पुन्हा विचारले. मी तिला हात धरून देव्हाऱ्यापाशी नेले. निरांजन तेवत होते. तिने समाधानाने हात जोडले. पाच मिनिटांनी तिने पुन्हा विचारले. मी पुन्हा तिचा हात धरला.