नायकाविना कादंबरी

कादंबरी म्हटली म्हणजे तीत एक नायक वा नायिका असावी व तिचेच नाव ग्रंथास द्यावे, अशी जुनी रीत. १८५७ साली बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. अनेक विधवांचे दुःख त्यात सांगितले आहे. तरी ग्रंथास नाव मिळाले ते प्रवास करणाऱ्या यमुनेचेच. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या मधु मंगेश कर्णिकांच्या ‘माहीमची खाडी’स मात्र एका जागेचे नाव आहे. मुंबईतील खाडीकाठची झोपडपट्टी हेच तीतील मुख्य पात्र होय. पोटासाठी आलेली नाना तऱ्हेची माणसे तेथे दाटीने राहतात, आणि एका झोपडीतील दुःखाचा धक्का शेजारच्या कुडास बसल्यावाचून राहत नाही.

हे पुस्तक वाचताना आम्हांस आपल्याच गावांची आठवण झाली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांस आसरा मिळाला व १९४९ साली त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. तरी तेथील पत्त्यांत ‘कॅम्प’ हा शब्द अद्याप टिकून आहे. अंबरनाथचे शिवालय १०६० सालचे. पण तेथील कारखान्यांनी किती प्रांतांची माणसे गोळा केली! मुंबईत बिऱ्हाड न परवडणारी कुटुंबे पुढे बदलापुरास आली. ही सारी मंडळी रोज एकाच लोकलगाडीत खांद्यास खांदा लावून उभी असतात. परंतु खांदा लागला म्हणजे ओळख झाली असे नव्हे.

आम्ही एकदा वर्गात मुलांस आपल्या शेजाऱ्यांची नावे लिहावयास सांगितली. ‘वरचे सिंधी’, ‘समोरचे मद्रासी’, ‘इस्त्रीवाला’ अशी उत्तरे पुष्कळ आली, नावे थोडीच. चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात प्रभूने शेजारी ठरविला तो जातीवरून नव्हे, वाटेत थांबून केलेल्या साहाय्यावरून. असे थांबण्याची सवय चांगली कादंबरी लाविते. ज्यास आपण रस्त्यात ओलांडून जातो, त्याच्यासाठी ती एक प्रकरण राखून ठेविते.

‘माहीमची खाडी’तील जीवन कठोर आहे, म्हणून पालकांनी ती प्रथम स्वतः वाचावी व मग मोठ्या मुलांच्या हाती द्यावी. विद्यार्थिमित्रहो, तुम्ही या सुट्टीत एका वृद्ध शेजाऱ्याकडे जा. त्याचे नाव व गाव विचारा, आणि तो येथे कसा आला हे त्याच्याच तोंडून ऐका. १९४७ साली आईच्या कडेवर बसून आलेली बाळे आज ऐंशीच्या आसपास पोहोचली आहेत. हे काम पुढील सुट्टीवर टाकू नका.